पंखा बदलला तरी कॉम्प्युटरचा आवाज परत का येतो?

एप्रिल लागला की ओळखीपाळखीतून हमखास फोन येतात. मशीन परत घोंघावतंय, गेल्याच वर्षी पंखा बदलला होता, आता काय करायचं? जवळच्या दुकानात नेलं तर उपाय ठरलेले असतात: ब्लोअर मारायचा, पंख्यात तेलाचा थेंब सोडायचा, नाहीतर नवा पंखा बसवायचा. काही आठवडे बरं वाटतं आणि मग तेच सुरू होतं. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक मशीनमध्ये पंखा बिघडलेला नसतोच. त्याला कोणत्या वेगाने फिरायला लावलंय, कोणत्या जाळीमागे बसवलंय आणि किती धुळीतून हवा ओढायला लावलंय, यावर त्याचा आवाज ठरतो. या तीन गोष्टी तशाच ठेवल्या तर नवा पंखाही काही दिवसांनी तसाच ओरडतो.

पुण्यात हे दुखणं उन्हाळ्यातच का उपटतं, याचं कारण साधं आहे. खोलीचं तापमान जेवढं चढतं, जवळपास तेवढंच प्रोसेसरचंही चढतं. जानेवारीत ज्या कामाला प्रोसेसर ५५ अंशांवर असतो, त्याच कामाला एप्रिलच्या दुपारी, स्लॅबखालच्या खोलीत, तो ६७-६८ अंशांवर जातो. पंख्याचा वेग या आकड्यावर बांधलेला असतो. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसताना थंडीत न ऐकू येणारा पंखा उन्हाळ्यात ऐकू यायला लागतो. त्यात रस्त्यांची खोदकामं, बांधकामं आणि दिवसभर उघड्या खिडक्या यांची धूळ मिळते, म्हणजे आणखी दोन-चार अंश वर.

कोणता पंखा ओरडतोय?

एका डेस्कटॉपमध्ये चार ठिकाणी पंखे असतात: कॅबिनेटला पुढे-मागे, प्रोसेसरच्या कुलरवर, ग्राफिक्स कार्डवर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात. कानाला सगळा आवाज एकाच डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे अंदाजाने पंखा बदलणं हा पैसे वाया घालवायचा सरळ रस्ता आहे. रात्री उशिरा, खोलीतला सीलिंग फॅन बंद करून बसा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पंख्यांचं पान असतं. एसुसच्या बोर्डवर त्याला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन, एएसरॉकवर फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग. तिथे एकेका पंख्याचा वेग कमी करून ऐका. ज्याचा वेग उतरवल्यावर आवाज पडतो, तो आपला. विंडोजवर हेच काम फॅन कंट्रोल नावाच्या फुकट प्रोग्रॅमनेही होतं.

फिरत्या पात्यांत पेन किंवा बोट घालून पंखा थांबवू नका. पातं तुटतं, आणि एक पातं तुटलेला पंखा तोल जाऊन कायमचा थरथरतो.

कुठल्याही पंख्याचा वेग उतरवून फरक पडला नाही तर आवाज ग्राफिक्स कार्डचा किंवा एसएमपीएसचा. गेम किंवा थ्रीडी काम सुरू केल्यावर बारीक चिरका आवाज येत असेल आणि तो पडद्यावरच्या फ्रेम्सच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर तो पंखाच नव्हे. कार्डवरच्या कॉइल विजेच्या धक्क्यांनी कंप पावतात, त्याचा तो आवाज. फ्रेम्सची कमाल मर्यादा बांधली की तो बराच खाली येतो. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्टचा एसी आत डीसी झाला की ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही वर जातो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज काही काळ टिकून राहतो. वॉरंटी असेल तर वॉरंटीत द्या, नसेल तर अख्खा एसएमपीएस बदला.

याच वेळी पंख्याची वायर कुठे गेली आहे तेही बघून घ्या. कॅबिनेटबरोबर आलेले पंखे पुष्कळदा मोलेक्स पिनने थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. अशा पंख्याला १२ व्होल्ट सतत मिळतात आणि तो जानेवारीतही पूर्ण वेगाने फिरतो. रिमोटवर रंग बदलणारे स्वस्तातले पंखेही बहुतेक असेच, रंग बदलतात पण वेग बदलत नाहीत. तीन पिनांचा पंखा मदरबोर्डला लावलाय पण बायोसमध्ये तो हेडर, म्हणजे पंखा जोडायची जागा, पीडब्ल्यूएमवर (वेगाचा इशारा चौथ्या पिनेतून देण्यावर) ठेवलाय, हाही नेहमीचा घोटाळा. तीन पिनांना पीडब्ल्यूएमचा इशारा पोचतच नाही, त्यामुळे पंखा सुसाट सुटतो. हेडर डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्यावर, आणला की तिथल्या तिथे शांत होतो. उलट चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवरच चालवावा. त्याला वेगाचा इशारा २५ किलोहर्ट्झने जातो, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे.

आवाजाची जात

खरखर, किरकिर किंवा मशीन सुरू करताना पहिली काही मिनिटं घरघर आणि मग शांतता, हे बेअरिंगचं लक्षण. हा एकच प्रकार असा आहे की ज्यात पंखा खरोखर संपलेला असतो. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असतं. त्यातलं तेल उष्णतेने सुकतं, आणि पंखा आडवा, म्हणजे छताला किंवा तळाला, बसवला असेल तर ते लवकर झिजतं. स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला की आवाज थांबतो खरा, पण झिजलेली भोकाची कड तेलाने भरून येत नाही, म्हणून काही आठवड्यांत खरखर परत. तात्पुरतं भागवायला तेल ठीक आहे, त्यावर वर्ष काढायची अपेक्षा ठेवू नका. नवा घेताना फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा घ्या. बॉल बेअरिंगचे पंखे उष्णतेत खूप टिकतात पण त्यांची बारीक घरघर पहिल्या दिवसापासून असते. सर्व्हरला ते चालतात, झोपायच्या खोलीत नाही.

टर्र-टर्र आवाज येत असेल तर वायर पात्याला घासतेय. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा हाताने दाबल्यावर आवाज थांबला तर स्क्रू ढिले आहेत किंवा पंख्याखालचे रबर वाळलेत. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चक्कर मारली तर रबराच्या पिना मिळून जातील. यावर जास्त लिहायला नको.

एकसारखा सूं-सूं आवाज हा हवेचा आवाज. तो वेगाबरोबर वाढतो आणि फार झपाट्याने वाढतो. ढोबळ हिशेब असा, की वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. दुसरीकडे, एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आता दोन्ही एकत्र करा: एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले तर हवा तेवढीच जाते आणि आवाज बारा-एक डेसिबलने कमी होतो. म्हणूनच मी शक्य तिथे १२० मिलीमीटरऐवजी १४० चे पंखे आणि एकाऐवजी दोन सुचवतो. यात एक अडचण लक्षात ठेवायची. वेग निम्मा केला की पंख्याचा दाब एक चतुर्थांश होतो. समोर धुळीने भरलेला फिल्टर असेल तर हळू फिरणारा पंखा हवा ओढूच शकत नाही, तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो.

आता हुंकार, म्हणजे एका ठरावीक सुरातला घुमणारा आवाज. मला यावर जास्त बोलायचंय, कारण लोकांना सर्वांत जास्त हाच छळतो आणि दुकानात सर्वांत कमी लक्ष यालाच मिळतं. पंख्याचं प्रत्येक पातं जेव्हा जाळीच्या किंवा आधाराच्या दांडीजवळून जातं तेव्हा हवेला एक टिचकी बसते. सेकंदाला किती टिचक्या हे सहज काढता येतं: आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना, ६० ने भागा आणि पात्यांच्या संख्येने गुणा. नऊ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमवर असेल तर १८० हर्ट्झचा सूर निघतो.

नारायण पेठेतली माझी आत्या गाणं शिकवते, आता बरंचसं ऑनलाइन. एक विद्यार्थिनी सारखी म्हणायची की तानपुऱ्याखाली काहीतरी हलतंय. आत्याने मला बोलावलं आणि विचारलं, "अरे, माझा सा तर पक्का आहे, मग हे मधूनच उतरतंय काय?" तिचा सा काळी चार (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर), म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. कुलरच्या पंख्याला नऊ पाती. हिशेब केला तर १३८४ आरपीएमला हा पंखा बरोबर काळी चारमध्ये बोलतो. आणि तो शिकवणीच्या वेळी १३५० ते १४०० च्या मध्ये वर-खाली होत होता. १३५० वर त्याचा सूर २०२.५ हर्ट्झ, म्हणजे शुद्ध नी आणि सा यांच्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने उतरलेला. असा सूर तानपुऱ्याच्या षड्जाशी भिडला की सेकंदाला पाच लाटा उठतात. विद्यार्थिनीचा कान अगदी बरोबर होता.

झूममधला आवाज गाळायचा पर्याय इथे कामाचा नाही, कारण तो तानपुऱ्यालाही एकसुरी गोंगाट समजून खाऊन टाकतो. म्हणून गायक-वादक झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू ठेवतात, आणि मग पंखा जसाच्या तसा पलीकडे पोचतो. उपाय मशीनमध्येच करावा लागला. पंखा ६५ अंशांपर्यंत ९०० आरपीएमवर बांधून ठेवला. सूर १३५ हर्ट्झवर उतरला, आवाज बराच दबला आणि मुख्य म्हणजे हलायचा थांबला. प्रोसेसर पूर्वीपेक्षा थोडा गरम राहतो, त्याने काही बिघडत नाही. गाणाऱ्या, रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पंख्याचा हा हिशेब एकदा करून बघावा. काळी एकवाल्यांना नऊ पात्यांसाठी ९२४ आरपीएम टाळायचा, सात पात्यांसाठी ११८८.

हुंकाराची दुसरी तपासणी अशी: पंखा कॅबिनेटमधून सोडवून, वायर जोडलेली ठेवून, हातात धरा आणि त्याच वेगाने फिरू द्या. हातात शांत आणि बसवल्यावर घुमतोय, तर दोष जाळीचा. हवा आत ओढण्याच्या बाजूला पात्यांच्या अगदी जवळ जाळी असेल तर हवा तिथेच फाटते आणि पाती त्या फाटलेल्या हवेवर आपटतात. पंखा आणि जाळी यांच्यात पाच-दहा मिलीमीटरची चौकट घालून अंतर वाढवलं तरी पुष्कळ फरक पडतो. पत्र्यालाच छिद्रं पाडून केलेली जाड जाळी सर्वांत वाईट, तारेची गोल जाळी त्यापेक्षा कितीतरी बरी.

एकाच मॉडेलचे दोन पंखे शेजारी असतील तर वॉंव-वॉंव अशी लाट ऐकू येते. एक १२०० वर आणि दुसरा ११८० वर असेल तर नऊ पात्यांसाठी १८० आणि १७७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीन लाटा. लोक याला बेअरिंग खराब समजून दोन्ही पंखे बदलतात आणि नव्या जोडीतही तेच होतं. बायोसमध्ये एका पंख्याचा वेग थोडा वेगळा ठेवला की झालं. पंखे बनवणाऱ्या नॉक्टुआ कंपनीने २०२४ मध्ये एनएफ-ए१४एक्स२५ जी२ हा पंखा आणला तेव्हा त्याची जोडीही मुद्दाम अशीच दिली, की एकाचा वेग २५ आरपीएमने जास्त आणि दुसऱ्याचा तेवढ्यानेच कमी.

मधूनच उसळी मारणारा आवाज

ब्राउझर उघडला की भुर्रकन आवाज, पाच सेकंदांत शांत, परत भुर्र. हे पंख्याचं काम नाही, हे सेटिंगचं. आताचे प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतात आणि तेवढ्यात तापमान दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं. पंखा त्या उडीमागे धावतो, पण पोचेपर्यंत तापमान उतरलेलं असतं. बायोसमध्ये पंखा किती वेळाने वेग वाढवेल आणि किती वेळाने कमी करेल याचे पर्याय असतात, ते काही सेकंदांवर न्या. तापमान तीन-चार अंश हलल्याशिवाय पंखा हलू नये असंही ठेवता येतं. तापमानाप्रमाणे वेग ठरवणारी आलेखातली रेघ ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा, ८५ च्या आसपास पूर्ण. आकड्यांची भीती बाळगू नका: एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालायला बनवलेले आहेत आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. काम करताना ७५ दिसले म्हणून पंखा पळवायची गरज नाही.

कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधूच नका. त्यांना मदरबोर्डच्या तापमानावर ठेवा, ते सावकाश बदलतं. आणि रायझन असेल तर बायोसमधला इको मोड, म्हणजे प्रोसेसरला वीज कमी देणारा पर्याय, एकदा लावून बघा. रोजच्या कामात वेग गेल्याचं सहसा जाणवत नाही, उष्णता मात्र चांगलीच उतरते. मुळात उष्णताच कमी निघाली तर पंख्याला ओरडायचं कारणच राहत नाही. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण त्याला एक रुपया लागत नाही.

नवा घ्यायचाच असेल तर

खोक्यावरच्या डेसिबलवरून दोन कंपन्यांचे पंखे तोलू नका. किती अंतरावरून मोजलं, पंखा मोकळा टांगून मोजला की जाळीमागे, हे सहसा लिहिलेलं नसतं. संगणकाच्या आवाजाच्या मोजणीसाठी आयएसओ ७७७९ हे मानक आहे, पण खोक्यावरचा प्रत्येक आकडा त्या रीतीने काढलेला असेलच असं नाही. आर्क्टिक तर पी१२ साठी ०.३ सोन (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) असा आकडा देते आणि नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ साठी २२.६ डेसिबल. ही दोन वेगळी मापं आहेत, आणि दोन्ही पूर्ण वेगाची. तुम्ही पंखा चालवणार ९०० वर.

म्हणून मी रचना बघतो. आर्क्टिक पी१२ ला पाच रुंद पाती, कमाल १८०० आरपीएम. एनएफ-ए१२एक्स२५ ला नऊ पाती, कमाल २००० आरपीएम, आणि पात्याचं टोक ते चौकट यांतलं अंतर फक्त अर्धा मिलीमीटर. हे अंतर कमी असलं की दाबाची हवा टोकावरून मागे पळत नाही आणि हळू वेगातही पंखा फिल्टरमधून हवा ओढतो. साध्या प्लास्टिकची पाती उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने कालांतराने लांबतात, एवढ्या कमी अंतरात ती चौकटीला घासतील. म्हणून २०१८ मध्ये हा पंखा आला तो सहज न ताणल्या जाणाऱ्या वेगळ्या प्लास्टिकचा, आणि त्याची किंमत जास्त असण्याचं एक कारण तेच. मागचे आधारही बघा. आधाराच्या दांड्या पात्यांच्या वळणाला आडव्या जाणाऱ्या हव्यात. समांतर असतील तर अख्खं पातं एकदम दांडीवरून जातं आणि टिचकी जोरात बसते. नॉक्टुआच्याच एनएफ-एफ१२ मध्ये सात पात्यांमागे अकरा पट्ट्या आहेत आणि त्यांच्यातली अंतरं मुद्दाम असमान ठेवली आहेत, म्हणजे सगळ्या टिचक्या एका सुरात जमत नाहीत.

प्रत्येकाने महागडाच पंखा घ्यावा असं मी म्हणत नाही. पुढच्या बाजूला फिल्टर आणि बारीक जाळी असेल, किंवा कुलरच्या दाट पट्ट्यांमधून हवा ढकलायची असेल, तिथे चांगल्या दाबाचा पंखा लागतो. मागच्या मोकळ्या तोंडाला साधा, फ्लुइड बेअरिंगचा, पीडब्ल्यूएम पंखा पुरतो. प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा छोटा कुलर मात्र मी पहिल्यांदा बदलेन. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फिरावं लागतं आणि त्याचा सूरही चढा, कानाला बोचणारा असतो.

साफसफाईची वेळ

पुण्यात वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या सुमारास आणि दिवाळीच्या साफसफाईत, कॅबिनेट उघडाच. पावसाळ्यानंतरची सफाई चुकवू नका, कारण दमट हवेत धूळ चिकट होते. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या वाफेने आणि देवघर जवळ असेल तर उदबत्तीच्या धुराने ती आणखी घट्ट बसते. असा थर पात्यांच्या पुढच्या कडेवर साचला की पंख्याचा तोल बिघडतो, आणि हा आवाज लोकांना बेअरिंगचा वाटतो. पाती ओलसर फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, दुकानात देत असाल तर तिथेही तसं सांगा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, बेअरिंग मार खातं, आणि मोटर जनरेटरसारखी चालून मदरबोर्डकडे उलटी वीज ढकलू शकते. साफ केल्यावर आठवड्याभरात खरखर सुरू झाली, अशी तक्रार मी ऐकतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, की ब्लोअर मारताना पंखा धरला होता का.

हे सगळं करून, पंखा हातात धरल्यावरही खरखरतच असेल, तर तो बदला. जुन्याची चौकट मोजून घ्या, पिना मोजून घ्या, जाडी २५ मिलीमीटर आहे की १५ ते बघा, आणि जुना पंखा बरोबर घेऊनच दुकानात जा.